कुलपाआडचं मशीन

धारवाडला सुभाष रोडच्या एका आडगल्लीत आमचं दुकान होतं. आमचं म्हणजे त्याचं आणि माझं, असं मी धरून चालले होते. पुढं त्याचं मॅचिंग सेंटर. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, लेस, हुकांची पाकिटं. मागं प्लायवूडच्या पार्टिशनआड मी, माझ्या पायमशीनवर. ते मशीन माझ्या वडिलांनी घेतलेलं. ते सरकारी कचेरीत कारकून होते, मी कॉलेजात असतानाच वारले. त्यानंतर गावाच्या टोकाला केलगेरीच्या दोन खोल्यांत मी आणि आई राहिलो, आणि घर चाललं ते त्या मशीनवर.

तो हुबळीच्या एका मराठी व्यापारी घरातला. आजोबांच्या वेळी मिरजेकडून कापडाच्या धंद्यासाठी आलेली माणसं. घरात मराठी, गादीवर कानडी. मी त्याच्याकडं ब्लाउजपीस घ्यायला जायची, तिथून सगळं सुरू झालं. एक दिवस तो आमच्या घरी येऊन आईला सरळ म्हणाला, "पुढच्या लग्नसराईत मी घरी सांगतो. तोवर हिला दुकानात येऊन बसू दे. मशीनही तिथंच आणू, दोघांचा धंदा वाढेल." आईला मुलगा आवडला. हातगाडीवर मशीन लादून आम्ही सुभाष रोडला नेलं. ती लग्नसराई गेली, त्याच्या पुढचीही गेली. मी विचारलं की तो म्हणायचा, अण्णांचा मूड बघून बोलायचं असतं गं. अण्णा म्हणजे त्याचे वडील.

त्या दुपारी तो काउंटरवर फॉलची घडी घालत होता. माझ्याकडं न बघताच म्हणाला, "घरच्यांनी बेळगावची मुलगी पक्की केलीय."

त्याला एक धाकटा भाऊ होता. मी पाय न थांबवता विचारलं, "धाकट्यासाठी?"

"नाही."

मग माझा पाय थांबला. तो बरंच काही बोलत होता, अण्णांची छाती दुखते, आईनं अन्न सोडलं, तू समजूतदार आहेस. मला त्यातलं फारसं ऐकू येत नव्हतं. सुईखाली एक बाही होती, ती तशीच ठेवून मी उठले. पर्स घेतली आणि भर उन्हात चालत केलगेरीला आले. आईनं माझं तोंड बघितलं. माठातलं पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली आणि अंगावर काटाच आला. अक्कांच्या मुलीचं कापड!

अक्का आमच्या मागच्या गल्लीतल्या. घरची भाषा कानडी, पण आमच्याशी मराठी बोलायच्या, कानडी शब्द पेरत. त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. लग्नाचे सगळे ब्लाउज माझ्याकडं होते, मुहूर्ताच्या, म्हणजे त्यांच्या भाषेत धारेच्या साडीचासुद्धा. ती साडी खास विणून घेतलेली, ब्लाउजचं कापड साडीतूनच काढलेलं. मी ते कापून ठेवलं होतं, शिवलं नव्हतं. तसं कापड दुसरीकडं कुठं मिळणार नव्हतं.

मी पहिल्या बसनं सुभाष रोडला गेले. शटर बंद होतं आणि त्याला नवंकोरं कुलूप. माझ्याजवळची किल्ली त्यात शिरेना. शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसायचे. ते हळूच म्हणाले, "काल संध्याकाळी मोठे सावकार, त्याचे वडील, आले होते. त्यांनीच बदललं."

एसटीडी बूथवरून हुबळीला फोन केला. त्याच्या आईनं उचलला. "तो गावात नाही," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, काकू, मला बाकी काही नको, माझं सामान तेवढं घेऊ द्या, लोकांची कापडं आहेत. त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "बाळ, घरात पाहुणे आहेत. तू आता इथं फोन करत जाऊ नकोस." आणि फोन ठेवला. परत लावला तर कुणी उचलेना.

संध्याकाळी अक्का दारात आल्या. "झाले काय गं?"

"झालेच अक्का. हुक लावायचे राहिलेत."

आई आतून ऐकत होती. अक्का गेल्यावर म्हणाली, "किती दिवस हुक लावणार आहेस?" रोज मी शटरपर्यंत जायची, कुलूप ओढून बघायची आणि परत यायची. रोज अक्का विचारायच्या. त्यांच्या दारात मांडवाचे वासे येऊन पडले. मला जेवण जाईना. गल्लीत चपलांचा आवाज आला की मी मोरीत जाऊन बसायची.

शेवटी त्या घड्याळवाल्यांनीच सांगितलं की त्याला लग्न होईपर्यंत अळणावरला मामांकडं ठेवलंय. मामांची लाकडाची वखार होती. मी आईला काही न सांगता पॅसेंजर गाडीत बसले.

वखार शोधायला वेळ लागला नाही. आरायंत्राचा आवाज दुरूनच येत होता. तो ओंडक्यांच्या ढिगाजवळ उभा राहून कुणाशी तरी हसत बोलत होता. मला बघितलं आणि हसू मावळलं. घाईनं पुढं आला.

"तू इथं कशाला आलीस?"

"माझं सामान दे."

"हळू बोल. मामा आत आहेत."

"कुलूप उघडून दे, मी जाते. परत तोंड दाखवणार नाही."

"किल्ली अण्णांकडं आहे."

"मग चल. मागून घे त्यांच्याकडून."

त्यानं मान खाली घातली. पायानं भुसा सारत राहिला. "लग्न होऊन जाऊ दे. मग मी स्वतः सगळं आणून देतो. आत्ता अण्णांना वाटतं, तू दुकानात शिरून काही तमाशा करशील."

"अक्कांच्या मुलीचं लग्न तुझ्या आधी आहे."

"मग तिला दुसरं कापड घेऊन दे ना."

दिवसभर कापड विकणारा माणूस हे बोलत होता. मी म्हटलं, "साडीतलं कापड आहे ते. तुझ्यासमोर कापलं मी." माझा सगळा ताठा तिथं संपला. मी खाली वाकून त्याचे पाय धरले. आरायंत्रावरची माणसं काम थांबवून बघायला लागली. तो झटक्यानं मागं सरकला आणि म्हणाला, "उठ. लोक बघतायत." मी उठेपर्यंत तो आत निघून गेला होता.

अळणावरच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत बसले. गुडघ्यांना भुसा चिकटलेला, झटकायचंही सुचलं नाही. घरी जाऊच नये असं वाटत होतं. कुठं जावं तेही कळत नव्हतं. समोर रूळ होते आणि मी त्यांच्याकडं जास्तच वेळ बघत राहिले, हे खरं. एक बाई शेजारी येऊन बसली आणि धारवाडची गाडी इथंच लागते का म्हणून कानडीत विचारू लागली. मी हो म्हटलं. गाडी आली तेव्हा तिनं तिची एक पिशवी माझ्या हातात दिली आणि पुढं चढली, म्हणून मीही तिच्या मागून चढले.

स्टेशनवरून बसनं केलगेरीला उतरले ती थेट अक्कांच्या घरी गेले. पडवीत बायका जमलेल्या, सूप-चाळण्या मांडून गहू निवडणं चाललं होतं. मी अक्कांना परसात बोलावलं.

"अक्का, ब्लाउज झालेले नाहीत. कापड त्याच्या दुकानात कुलपात अडकलंय. आमचं मोडलं. त्याचं लग्न ठरलंय बेळगावला."

त्या धुण्याच्या दगडावर मटकन बसल्या. "आणि मला रोज हुक सांगत होतीस?" त्यांचा आवाज चिरकला. मला वाटलं आता कानाखाली बसणार. पण त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "पोरीला कळू देऊ नकोस. उद्या सकाळी ये."

सकाळी मी गेले तर त्या चपला घालून तयारच होत्या. "नडी," म्हणाल्या. चल.

हुबळीच्या बाजारात अण्णांचं कापडाचं मोठं दुकान. पांढरी गादी, लोड, भिंतीभर तागे. अक्का गादीवर चढून ऐसपैस मांडी घालून बसल्या. मी खाली पायरीजवळ उभी. अण्णांनी मला बघितलं नसल्यासारखं केलं आणि अक्कांना म्हणाले, "या, या. काय दाखवू?"

"किल्ली दाखवा," अक्का म्हणाल्या.

अण्णांचा चेहरा बदलला. "बाई, हा आमचा घरगुती मामला आहे."

"तुमचा असेल. माझ्या मुलीच्या धारेचं कापड तुमच्या कुलपात आहे." आणि मग त्या मोठ्यानं कानडीत सुरू झाल्या. साडीच्या रंगापासून मुहूर्तापर्यंत सगळं सांगितलं. गिऱ्हाइकं हातातलं कापड खाली ठेवून ऐकू लागली. एक म्हातारी म्हणाली, अय्यो, लग्नाच्या मुलीचं कापड कुणी अडवतं का? अण्णा लगबगीनं उठले, कपाटातून किल्ली काढली आणि दुकानातल्या माणसाच्या हातात दिली. मला ऐकू जाईल असं त्याला म्हणाले, "कापड तेवढं द्यायचं. दुसऱ्या कशाला हात लावू द्यायचा नाही."

सुभाष रोडला आलो. शटर वर गेलं. मी पार्टिशनआड धावले. कापडाची पिशवी खुंटीला होती. कात्री, टेप, खडू सगळं होतं. अर्धी बाही स्टुलावर पडलेली, दोरा तोडलेला. आणि मशीनची जागा रिकामी.

"मशीन कुठंय?"

"हुबळीला नेलंय, घरी," तो माणूस म्हणाला.

"ते माझं आहे. माझ्या वडिलांनी घेतलेलं आहे."

"ताई, मला जेवढं सांगितलं तेवढंच मला माहीत."

मी त्या रिकाम्या जागेतच खाली बसले. अक्कांनी दंडाला धरून उठवलं. "आधी कापड घे. रडायला नंतर वेळ आहे."

अक्कांच्या नात्यात कुणाकडं तरी जुनं हातमशीन होतं, ते त्यांनी आणवलं. मला एका हातानं चाक फिरवून दुसऱ्या हातानं रेशीम सांभाळायची सवय नव्हती, टाके वाकडे पडायला लागले. तेव्हा नवरी मुलगीच समोर येऊन बसली. "मी फिरवते, तू कापड धर, ताई." हळदीच्या आदल्या दुपारपर्यंत आम्ही तसंच शिवत होतो. ती खुशीत होती. मध्येच हसत म्हणाली, "तुझ्या लग्नात तुझे ब्लाउज कोण शिवणार गं?" अक्का दारात उभ्या होत्या, त्यांनी तिला काहीतरी आणायला आत पाठवलं. मी स्वतःच चाक फिरवून टाका पुढं नेला.

ब्लाउज वेळेवर झाले. धारेचा थोडा घट्ट बसला, तो नवरी उभी असतानाच मी बगलेत उसवून सैल केला. अक्षता पडल्या तेव्हा मी खोलीत सांडलेले दोरे गोळा करत होते.

त्याचं लग्न झाल्यावर काही महिन्यांनी दुकान पुन्हा उघडलं. मी एकदाच गेले. त्याच्या कपाळावर गंध होतं, अंगानं भरला होता.

"मशीनचं काय?" मी विचारलं.

तो इकडंतिकडं बघत म्हणाला, "ती वापरते. तिला शिवणाची हौस आहे. आता तिला काय सांगू, कुणाचं आहे म्हणून?"

मला वाटलं होतं मी ओरडेन. वाटेत ओरडायचे शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. पण डोळ्यांपुढं एकदम ती मुलगी आली, कधी न बघितलेली, माझ्या मशीनच्या पायट्यावर नवी जोडवी घातलेले पाय ठेवून काहीतरी शिवत असलेली. तिला यातलं काही माहीत नव्हतं. एक गिऱ्हाईक लेस मागायला आत आलं आणि तो सुटल्यासारखा तिकडं वळला.

घरी आले. आई दारातच होती. "दिलं?"

"नाही."

आई आत गेली आणि देवापुढं बसून मोठ्यानं रडायला लागली. वडील गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मी तिच्याजवळ गेले नाही, जाववलं नाही.

पुढच्याच आठवड्यात मी हुबळीला शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात लागले. मला खिशांचं काम दिलं. दिवसभर नुसते खिसे. मशीनं त्यांची होती; संध्याकाळी वर कव्हर घालायचं आणि बस धरायची.