झील धरणाऱ्या बायका
मुलांनो, गाण्यात फिरून फिरून येणाऱ्या ओळींना जपानीत ‘साबी’ म्हणतात, असं काल तुम्ही फोनवर सांगितलंत. आमच्याकडे त्याला झील म्हणत. हल्ली मला लवकर थकायला होतं, म्हणून आजच लिहिते. सत्तरच्या दशकात साताऱ्याजवळच्या आमच्या गावी, पंचमीला ओल्या अंगणात आम्ही बायकांनी फेर धरला होता. मोठ्या जाऊबाई एकेक कडवं म्हणायच्या, बाकीच्या झील धरायच्या. त्यांचे यजमान फौजेत होते आणि कित्येक आठवडे त्यांची खबर नव्हती. ओट्यावर सासूबाई बसल्या होत्या. सून रडली तर त्यांचाही धीर सुटला असता. धनी घरी येतो त्या कडव्यावर जाऊबाई मध्येच अडल्या. शेजारीण माझ्या कानाशी पुटपुटली, “आगं कालिजवाले, बघत काय ऱ्हायलीस? झील सोडू नगं.” आम्ही तीच ओळ घोळवत राहिलो. पाय भरून आले. सासूबाईंनी विचारलं, “कडवं कुठं गेलं गं?” शेजारीण म्हणाली, “आवं आत्ती, दम खातीया ती.” मग जाऊबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि पुढचं कडवं उचललं. दीर दिवाळीला परत आले. आता ते आणि जाऊबाई दोघंही नाहीत. कडवी मला आठवत नाहीत, झिलेची ओळ तेवढी येते.