दोन फुलांचा कौल

सोलापुरात एका ज्युनिअर कॉलेजला मी तर्कशास्त्र शिकवतो. देव, भूत, अंगात येणं... असल्या गप्पा निघाल्या की स्टाफरूममध्ये सगळ्यात आधी मीच हसायचो. आता हसत नाही, एवढंच.

आईच्या हृदयाची झडप खराब झाली होती. ऑपरेशनला उशीर नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आई मंगळवेढ्याकडच्या आमच्या गावी हटून बसली — "आदी देवाला कौल लावू, मग बगू." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आज देवालाच गप्प करतो.

आमच्याकडे ओल्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक फूल चिकटवतात. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. देवळाच्या दारातल्या कण्हेरीची दोनच फुलं मी तोडली, माझ्या हातानं चिकटवली.

"एका दुखण्याला एकच कौल, मास्तर," गुरव म्हणाला. "नीट इच्यारा."

मी मोठ्यानं विचारलं, "देवा, डावं फूल पडेल का?"

वर्गात पोरांना घालतो तसलाच पेच. डावं पडलं तर उत्तर 'नाही', पण पडलेलं तर आहे. उजवं पडलं तर उत्तर 'हो', पण डावं जागच्या जागी. देव कसाही खोटाच.

"आरं, माजं इच्यारायचं सोडून ह्ये काय?" आई म्हणाली.

तेवढ्यात दोन्ही फुलं पडली. मी वाकून उचलली, वर पाहिलं तर... खांद्यांवर दोन्ही फुलं तशीच. सकाळचे अकरा, लख्ख ऊन. माझ्या मुठीत दोन, मूर्तीवर दोन. गुरव हात जोडून उभा राहिला. फूल एक तर पडतं, नाही तर पडत नाही — हेच तर मी इतकी वर्षं शिकवतोय.

आईनं माझ्या मुठीतली फुलं पाहिली, मग मूर्तीवरची. "म्हंजी व्हय बी आन् न्हाय बी," ती म्हणाली. "चल, करू आपरेशन." सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मी खूश झालो.

ऑपरेशन झालं, रिपोर्ट उत्तम. आई सोलापुरात माझ्याकडेच असते. जेवते, नातीवर डाफरते, गोळ्या वेळेवर घेते. फक्त रोज संध्याकाळी उंबऱ्यावर बसून रस्त्याकडं बघत राहते.

"आई, आत ये की."

"थांब की जरा. मी अजून दवाखान्यातनं यायची हाय."

डॉक्टर म्हणतात, भुलीचा परिणाम असेल, जाईल. वर्ष होऊन गेलं. तिचा प्रश्न मी विचारलाच नाही, हे मला खात राहतं, आणि त्या चार फुलांचा उलगडा मला अजून झालेला नाही. कॉलेजात मी तोच धडा शिकवतो. घरी मात्र आई आत येऊन झोपली तरी मी दाराला कडी लावत नाही.