बूट घालून बुडालेला माणूस

निवृत्त होऊन वर्षं झाली, तरी हे प्रकरण माझी पाठ सोडत नाही. तेव्हा मी गोव्यात डिचोली तालुक्यात पोलीस निरीक्षक होतो. शहरातल्या नदीवर दुमजली पुलाचं काम चाललं होतं. खालून अवजड वाहनं जाणार, वरून हलकी. एका सकाळी नार्वे गावाच्या बाजूला काठाशी मृतदेह अडकलेला सापडला. पुलावरचा मजूर, बेळगाव जिल्ह्यातला, तिशीतला. आंघोळीला उतरला आणि बुडाला, असं सुपरवायझरने सांगितलं. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली.

पंचनामा आटोपून निघालो, तर शेतातली एक म्हातारी जीपजवळ आली. म्हणाली, "सायबा, न्हाऊक गेल्लो म्हणतात. मग पायांत बूट कित्याक?"

बूट आम्ही सगळ्यांनी पाहिले होते, लेस घट्ट बांधलेले. पंचनाम्यातही लिहिले होते. विचार मात्र कोणीच केला नव्हता.

लगेच पुलावर गेलो. खालच्या मजल्यावर एकाच जागी ताज्या सिमेंटचा हात फिरवलेला दिसला. खरवडल्यावर खाली रक्ताचे डाग निघाले.

सुपरवायझरला पोलीस स्थानकात आणलं. तासभर तो एकच वाक्य बोलत राहिला, एक शब्दही न बदलता. पाठ केलेला जबाब असाच असतो. त्याला बाहेर बसवून मृताच्या चुलतभावाला आत घेतलं. तोही पुलावरच कामाला होता.

"गावी त्याच्या आईला काय सांगणार आहेस?" एवढंच विचारलं.

तो म्हणाला, "वरच्या मजल्यावरनं खालच्यावर पडला, साहेब. कमरंला सेफ्टीचा पट्टा नव्हता. सुपरवायझर म्हणाला, मेलाय, काम बंद पडंल, नदीत सोडा. मी पाय धरलं हुतं."

जबाबावर सही करताना तो थांबला. "गेलाच हुता न्हवं, साहेब?"

शवविच्छेदनाचा अहवाल तोवर माझ्यासमोर आला होता. मजुराचं डोकं फुटलं होतं, पण मृत्यू बुडून झाला होता. पाण्यात सोडला तेव्हा तो श्वास घेत होता.

मी खरं ते सांगितलं. आज ना उद्या त्याला ते कोर्टात ऐकावंच लागलं असतं. तो रडला नाही. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिला.

सुपरवायझरला शिक्षा झाली. चुलतभाऊ माफीचा साक्षीदार झाला, पण गावी कधी परतला नाही.

माणूस मेला असं कोणी सांगितलं, की सांगणाऱ्याला स्वतःचं काय वाचवायचं आहे ते पाहावं, हे मी तेव्हा शिकलो. पुढे हाताखाली नवा शिपाई आला की त्याला पहिल्याच दिवशी सांगायचो, "आधी नाडी बघ. कागद नंतर."