गरम न होणारे यंत्र आणि माझे निदान

साठी उलटल्यावर प्रथमच लिहावयास बसलो आहे, आणि जी हकिकत शेवटपर्यंत टाळावी असे वाटत होते, तीच आधी हाताशी आली आहे.

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत असे. मूळचा मी घाटावरचा, एकटा राहणारा, चारचौघांत बोलायची वेळ आली की मागे सरणारा. शेजारचे गृहस्थ कुवेतला नोकरीस होते. एका डिसेंबरात रजेवर येताना त्यांनी एक यंत्र आणले. त्याची एक पेटी खोलीच्या भिंतीवर, दुसरी बाहेर मागील दारी, आणि दोहोंना जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्या. उन्हाळ्यात ते खोली गार करी आणि थंडीत उलटे चालून तीच खोली गरम करी, असे त्यांचे म्हणणे होते. आणले होते वडिलांसाठी. वडील पूर्वी मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. आता पहाटेच्या गारव्याने त्यांचा दमा उसळे.

यंत्र बसवले ते बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यातल्या एका वायरमनने. वय तिशीचे, लग्न होऊन वर्षही झाले नव्हते. गॅस, नळ्या, जोड यांत त्याचा हात मुरलेला होता. शेजाऱ्यांनी त्याला शब्द दिला होता की, हे काम नीट जमले तर कुवेतला आपल्या कंपनीत त्याच्यासाठी बोलेन. पासपोर्ट त्याने काढूनच ठेवला होता.

गार हवा पहिल्याच दिवशी उत्तम आली. गरम मात्र येईना. बटण सूर्याच्या चित्रावर नेले की आतला पंखा मंद फिरे आणि बाहेरची पेटी गप्प राही. दोन दिवस खटपट झाल्यावर तांडेलांनी मला बोलावणे धाडले.

"या मास्तर," ते खाटेवरूनच म्हणाले. "ह्याच्या हातून आजवर बर्फच झालाय. ऊब कुठली येतेय!"

घरातली सगळी हसली. वायरमनही हसला, पण त्याची नजर माझ्यावर खिळली होती.

मी आयुष्यात असले एकही यंत्र उघडलेले नव्हते. ते सांगण्याचे धैर्य मात्र मला झाले नाही. मी चष्मा पुसला, नळ्यांना हात लावला, बाहेर जाऊन पेटीला कान लावून आलो.

"सर," वायरमन तापमानाच्या चकतीकडे बोट करून हळूच म्हणाला, "हा आकडा वाढवून बघू का? साहेबांनी अठरावर ठेवलाय."

"तिकडे आम्ही अठरावरच ठेवतो," शेजारी म्हणाले. "त्याला हात लावायचा नाही."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. "आकड्याचा संबंध नाही," मी म्हणालो. "गॅस कमी झाला असावा. जोडावर गळती असणार."

का म्हणालो? गळती हा शब्द ठाऊक होता, आणि तो उच्चारला की आपल्याला घरी जाता येईल, एवढेच कारण होते. शेजाऱ्यांनी वायरमनकडे वळून पाहिले. "म्हणजे जोड तुझेच ना रे?" पाना पिशवीत टाकून तो उठला.

आमच्या दोन घरांमध्ये फक्त एक कमरेएवढा दगडी गडगा होता. तो ओलांडता ओलांडताच चूक माझ्या ध्यानी आली. गॅस गेला असता तर यंत्राने गार तरी कसे केले असते? पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही मी हे विचारले असते. मागे वळून हाक मारायला दहा पावलेही पडली नसती. मी दार लावून घेतले आणि उद्या सांगू म्हटले. उद्या शेजाऱ्यांकडे पाहुणे होते, परवा ते देवदर्शनाला हेदवीला गेले, आणि चौथ्या दिवशी ते कुवेतला निघून गेले. जाताना गडग्यावरून म्हणाले, "बरं झालं सर, तुमच्यामुळे कळलं. असला माणूस तिकडे नेला असता तर माझं नाक कापलं असतं."

मी मान डोलावली.

जानेवारीत शेजाऱ्यांच्या पत्नीने, बटण सूर्यावरच असताना, चकती पुसता पुसता आकडा चुकून अठ्ठावीसवर नेला. बाहेरची पेटी धडधडू लागली आणि खोलीत ऊब आली. ती बाई आनंदाने मला सांगायला आली. आमच्या पहाटेला खोलीत बावीस अंश असत. यंत्राला अठरा अंश राखायला सांगितलेले. त्याच्या लेखी खोली आधीच गरम होती. आम्हाला कुडकुडवणारी थंडी त्याच्या हिशेबी थंडीच नव्हती. जोडांत काहीही दोष नव्हता.

मी कुवेतला पत्र लिहिले. त्यात उष्णतेच्या वहनाविषयी एक परिच्छेद होता आणि 'गैरसमज झाला असावा' असे एक वाक्य. गैरसमज कोणाचा, हे मी लिहिले नाही. उत्तर आले की जागा भरली गेली.

मग मी बर्फाच्या कारखान्यात गेलो. पायांखाली खारट पाणी वाहत होते. तो साच्यातून लाद्या काढत होता. तिथे, त्या गोंगाटात, मी त्याला सगळे सांगितले. आकड्याचे, गडग्याचे, पत्राचेही. तो ऐकत लाद्या सरकवत राहिला.

"मला ठाऊक होतं सर," तो म्हणाला. "कारखान्यात असं रोज बघतो. पण तुमच्यापुढं बोलायचं कसं?" मग हात पुसून जवळ आला. "एक काम कराल? घरी येऊन हे माझ्या बायकोसमोर सांगाल? तिच्या माहेरी सगळी म्हणतात, ह्याच्या हातानं काम बिघडलं म्हणून कुवेतला जायचा राहिला. मी सांगितलेलं कोणी खरं मानत नाय. तुम्ही सांगितलंत तर मानतील."

"येतो," मी म्हणालो. "रविवारी येतो."

त्याने घराची खूण सांगितली, विहिरीजवळचे तिसरे घर. रविवारी मी कपडे करून निघालो आणि विहिरीपर्यंत पोचलो. अंगणात चारपाच माणसे बसलेली दिसली. बहुधा सासरची मंडळी त्याने मुद्दाम बोलावली असावीत. एक खुर्ची रिकामी ठेवलेली होती. मी विहिरीआडून थोडा वेळ पाहत उभा राहिलो, आणि परत आलो.