तिच्यादेखत

आमच्या बंगळुरातल्या मारतहळ्ळीच्या सोसायटीत दुष्ट बाई एकही नाही. हाच तर माझा वैताग आहे. दुष्ट असत्या तर दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते.

संक्रांतीचं हळदीकुंकू पुण्याहून आलेल्या शेजारणीकडे होतं. आमच्या मजल्यावरच्या सगळ्या घरी काम करणारी अक्का त्या संध्याकाळी मदतीला थांबली होती. तिला काही दिवस खोकला होता. ती तिळाच्या वड्या फिरवत होती आणि तिच्यादेखत मराठीत गप्पा चालल्या होत्या.

"टीबीच असणार गं."

"छे, या लोकांना सवय असते, काही होत नाही."

"घरात लहान मुलं आहेत बाई. हिला काढूनच टाकू."

मध्येच एकीनं हिंदीत फर्मावलं, "इधर भी दो," आणि वडी तोंडात टाकली. टीबीवालीच्या हातची वडी मात्र चालली!

मी निपाणीची, अक्का चिकोडीकडची. माझ्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी मराठीतच बोलतो, मध्ये स्वल्प कन्नड. म्हणजे तिला शब्दन् शब्द कळत होता. ती खाली मान घालून ताट फिरवत राहिली.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अगं, तिला मराठी येते! खोकल्याचं तिलाच विचारा की."

मला वाटलं, आता कुणीतरी तिच्याकडे बघेल, निदान ओशाळेल तरी. कसलं काय! यजमानीणबाई "ओह" म्हणाल्या आणि सगळ्या जणी इंग्रजीत शिरल्या. चर्चा तीच, अक्का तिथंच उभी. पालथ्या घड्यावर पाणी!

माणसाला माणसातून उठवायला मोठा द्वेष लागतो, असं मला वाटायचं. काही लागत नाही हो. समोरच्याला एक प्रश्न विचारायचा कंटाळा पुरतो. मी भांडले, तर म्हणाल्या, "तू ना, फार मनाला लावून घेतेस." वाण तिथंच ठेवून मी बाहेर पडले.

अक्का मागोमाग लिफ्टपाशी आली. पदर तोंडाशी धरून आधी खोकली, मग हळूच म्हणाली, "वैनी, मराठीतलं समदं कळलं मला. इंग्लिशात काय ठरलं? उद्या जाऊ का नको त्यांच्याकडं?"