रूथताई कुणाशी भांडायच्या?

रोडपालीला बहिणीकडे गेले होते, तिथेच शेजाऱ्यांचा फोन आला. रूथताई गेल्या. सकाळी चहा करता करताच... जेवणाचं ताट तसंच ठेवून मी पनवेलला परतले.

आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांत एकच भिंत. रूथताई निवृत्त नर्स, नवरा गेलेला, घरात दुसरं माणूस नाही. तरी रोज सकाळी तिकडून भांडण ऐकू यायचं. "अजून किती वाट बघायला लावणार? कान आहेत ना तुला?" मला काही चैन पडेना. भोचकपणा म्हणा हवं तर, पण एकट्या बाईच्या घरात हे कोण? शेवटी विरजणाचं निमित्त काढून बेल वाजवली. आत चिटपाखरू नव्हतं. टेबलावर बायबल उघडं आणि ताईंचे डोळे लाल. प्रार्थना करत होते, म्हणाल्या, भाजी निवडत होते म्हणावं इतक्या सहज.

आमच्यात देवाला नवस बोलतात, फार तर देव पाण्यात ठेवतात. पण त्याला असं फैलावर घेताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. हळूहळू कळत गेलं. त्यांचा सॅम्युएल न्हावा शेव्याच्या बंदरातली नोकरी सोडण्यावरून वडिलांशी भांडला आणि आखातात निघून गेला. वडिलांच्या मातीलाही आला नाही, आईचा फोन घेत नव्हता. तो घरी यावा, एवढंच ताईंचं मागणं. दर नाताळला करंज्या करताना त्यांना वाटायचं, यंदा येईल. यायचा नाही. मग दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे आवाज हमखास चढायचा. एकदा न राहवून मी विचारलंच, अहो, देव ऐकत नाही तर त्याच्याशी बोलता कशाला? त्या हसल्या. "राग आलाय म्हणून तर बोलते. अबोला धरला तर संपलंच की सगळं."

माझं काही समाधान झालं नाही. हा कसला विश्वास, हे कोडं मला पडलेलंच राहिलं.

गेल्या रविवारी सॅम्युएल आला. चर्चच्या लोकांनी कसाबसा निरोप पोचवला होता. किल्ली माझ्याकडे होती. त्याला चांगलं फैलावर घ्यायचं, हे मी आधीच ठरवलेलं. दार उघडून दिलं, तर तो स्वयंपाकघरात जाऊन नुसता उभा राहिला. चाळिशीचा माणूस, कानशिलं पांढरी झालेली. मग म्हणाला,

"काकू, आई मला फार बोल लावायची का?"

मी तोंड उघडलं... आणि आठवून पाहिलं. इतक्या वर्षांचं ऐकलेलं सगळं आठवलं. त्यात ह्याच्याबद्दल एक वाकडा शब्द नव्हता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"नाही रे," मी म्हटलं. "ताई जे काही बोलल्या, ते देवाला बोलल्या. तुला कधीच नाही."

तो तिथेच फरशीवर बसला. मी दार ओढून घरी आले आणि टीव्ही मोठ्याने लावला, पलीकडचं काही ऐकू येऊ नये म्हणून.