अनोळखी मेसेजांचा कप्पा

आईच्या मानेवरच्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता. रिपोर्ट तयार झाला की मेसेज येईल, असं लॅबमधल्या बाईंनी सांगितलं. तेव्हापासून फोन वाजला की मी हातातलं काम टाकून बघायचे आणि निघायचं भलतंच. कधी प्लॉटची जाहिरात, कधी 'अभिनंदन, आपली निवड झाली आहे'.

"कुणाचा गं?" वाटाणे सोलता सोलता आई विचारायची.

"कुणाचा नाही."

एके दिवशी तर दुपारपर्यंत तिने चार वेळा विचारलं. मग मी वैतागून अनोळखी मेसेज वेगळ्या कप्प्यात टाकायची सोय सुरू केली. फोन गप्प झाला.

पुढच्या दोन दिवसांत आईने कपाट उघडून कुठली साडी कुणाला द्यायची ते मला सांगितलं. मी नुसती हो म्हणत राहिले. शेवटी न राहवून लॅबला फोन केला.

"परवाच पाठवलाय की, मॅडम," बाई म्हणाल्या.

तो कप्पा उघडला. प्लॉट आणि केसांचं तेल यांच्यामध्ये आमचा रिपोर्ट पडून होता. गाठ साधी होती.

आई देवापुढे साखर ठेवायला उठली. मला मात्र स्वस्थ बसवेना. नको ते बाहेर राहावं म्हणून मी दार लावलं आणि हवं होतं तेच दाराबाहेर ताटकळत राहिलं. आता मी काहीच अडवत नाही. आलेला प्रत्येक मेसेज शेवटपर्यंत वाचते, आणि वाचून झाल्यावरही तो पुसायला बोट धजत नाही.